पेवातली हळद आणि वॉरंटांतले शेअर

साताऱ्याहून ठोसेघरच्या वाटेने वर गेले की चाळकेवाडीचे पठार लागते, आणि पठारावर पवनचक्क्या. पाटणच्या बाजूला, कोयनेच्या जलाशयावरच्या डोंगरमाथ्यावर वनकुसवड्याला त्या आहेत. सांगलीकडे कवठेमहांकाळच्या माळावर ढालगावाभोवतीही आहेत. सहलीला आलेली मुले माना वर करून त्यांच्या पात्यांकडे पाहत राहतात. बरोबरच्या वडीलधाऱ्यांपैकी एखाद्याच्या मनात मात्र निराळाच हिशेब चालू असतो. यांतल्या बऱ्याच चक्क्या ज्या सुझलॉन कंपनीने उभ्या केल्या, तिचे शेअर त्याच्या संग्रही असतात.

या शेअरने मध्यमवर्गीय घरांना जेवढे हसवले तेवढेच रडवले. कर्जाच्या ओझ्याने वाकलेल्या या कंपनीने २०२० साली धनकोंशी तडजोड केली. त्या तडजोडीत कर्जाच्या काही भागाच्या बदल्यात धनकोंना शेअर मिळाले, रोखे मिळाले आणि त्यांच्या जोडीला वॉरंटही मिळाली. पुढची दोन-तीन वर्षे भाव दहा-बारा रुपयांच्या आसपास किंवा त्याखालीच घोटाळत राहिला. अशा वेळी बाजारात एक ठरलेले उत्तर ऐकू येते. ‘‘अहो, ज्यांना फुकटात मिळाले ते विकताहेत. त्यांचे विकून झाल्याशिवाय भाव हलायचा नाही!’’ हे उत्तर कितपत खरे?

वॉरंट म्हटले की मराठी माणसाला प्रथम फौजदार आठवतो. शेअरबाजारातले वॉरंट इतके भीतिदायक नाही. ते एक हक्कपत्र आहे. ठरलेल्या मुदतीच्या आत, ठरलेल्या भावाने, कंपनीकडून नवा शेअर मागून घेण्याचा हक्क त्यात असतो. समजा, हक्काचा भाव १५ रुपये आहे आणि बाजारात तोच शेअर २५ रुपयांना जातो आहे. धारक १५ रुपये भरतो, शेअर पदरात पाडून घेतो आणि मनात आले तर २५ ला विकून मोकळा होतो. बाजारभाव १० वर असला तर तो हक्कपत्र तसेच ठेवून देतो. मात्र हा शेअर कालपर्यंत अस्तित्वातच नव्हता. तो नव्याने जन्माला आला, हे ध्यानात ठेवावे. त्याचे महत्त्व पुढे कळेल.

आता विक्रीचा विचार करू, आणि त्यासाठी सांगलीच्या हळदबाजाराकडे वळू. सांगलीला लागून असलेल्या हरिपुरात हळद साठवण्याची पेवे होती. जमिनीत खोल खणलेली, तोंडाशी चिंचोळी आणि पोटात ऐसपैस. २००५ च्या महापुराने त्यांतली बरीच निकामी केली; पण त्यापूर्वी पिढ्यान् पिढ्या हळद त्यांत सुखाने राहत असे. सौद्याला बसलेल्या व्यापाऱ्याला ती हळद दिसत नसे, तरी पेवांत अंदाजे किती माल आहे हे त्याला ठाऊक असे, आणि तो बोली लावी ती हे ध्यानात धरूनच. म्हणून एखादे पेव उघडले एवढ्याने भाव कोसळत नसे. कोसळे केव्हा? अंदाजापेक्षा जास्त माल निघाला तर. किंवा अनेकांनी एकाच आठवड्यात पेवे उघडली तर.

वॉरंटांचेही तसेच आहे. ती किती आहेत, कोणत्या भावाची आहेत आणि मुदत कधी संपते, हे कंपनीला जाहीर करावे लागते. जाणता गिऱ्हाईक तो आकडा धरूनच भाव देतो. जे सर्वांना आधीच ठाऊक आहे, त्याने भाव पुन्हा पुन्हा पडत नाही. उरतो प्रश्न वेगाचा. रोज लाखभर शेअरांची उलाढाल होणाऱ्या कंपनीत कोणी पन्नास लाख शेअर आठवडाभरात ओतू लागला, तर भाव दबणारच. तोच माल वर्षभरात हळूहळू आला, तर बाजार तो पचवतो.

परदेशी बाजारांत आणखी एक प्रकार चालतो. वॉरंट हाती असलेला मोठा व्यापारी भाव चढला की शेअर विकतो आणि उतरला की परत घेतो. पेवात हळद असताना तिचा वायदा आधीच विकून निश्चिंत होणाऱ्या व्यापाऱ्याचा हा सख्खा भाऊ. त्याच्यामुळे चढत्या भावाला लगाम बसतो हे खरे. पण पडत्या भावाला टेकूही तोच देतो. लोकांना लगाम दिसतो, टेकू दिसत नाही.

तर विक्रीमुळे भाव दबतो तो काही काळापुरता. विक्री संपते, मालाला नवा धनी मिळतो, आणि मग भाव कंपनीच्या मिळकतीप्रमाणे चालू लागतो. सुझलॉनचेच पाहा. २०२२ मध्ये हक्कभाग विकून आणि २०२३ मध्ये मोठ्या संस्थांना शेअर विकून तिने पैसा उभा केला, कर्ज फेडले, कारखान्याकडे मागण्या येऊ लागल्या. आणि २०२४ च्या सप्टेंबरात भाव ८० रुपयांच्या वर गेला. ‘विकणारे’ त्याला कायमचे अडवू शकले नाहीत.

मग जुन्या भागधारकाचे नुकसान झालेच नाही काय? झाले, आणि फार मोठे झाले. पण ते निराळ्या वाटेने. २००८ च्या जानेवारीत याच शेअरचा भाव, दोन रुपये दर्शनी किमतीच्या हिशेबाने, ४०० च्या वर होता. तेव्हा कंपनीचे शेअर होते १५० कोटींच्या आसपास. २०२४ साली शेअर झाले होते १,३०० कोटींहून अधिक. गुणाकार केला की चकित व्हायला होते. २०२४ च्या त्या उच्चांकाला सबंध कंपनीची किंमत एक लाख कोटी रुपयांच्या पलीकडे होती, म्हणजे २००८ च्या वैभवाच्या दिवसांपेक्षाही जास्त! आणि तरी एका शेअरची किंमत मात्र तेव्हाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. भाकरी मोठी झाली, पण खाणारी तोंडे नऊपट वाढली. कोणी रोखे बदलून शेअर घेतले, कोणी कर्जापोटी घेतले, कोणी रोख पैसे मोजून घेतले. वाटा कमी झाला तो शेअर जन्मले तेव्हा. ते कोणी विकले की जपून ठेवले, याने त्यात फरक पडत नाही.

म्हणून घरातल्या चार पैशांनी शेअर घेणाऱ्याने वॉरंटवाल्यांच्या नावाने बोटे मोडण्याऐवजी दोन प्रश्न विचारावेत. पहिला, नवे शेअर कोणत्या भावाने दिले जाणार? बाजारभावाच्या आसपास असतील तर जुन्यांचे फारसे बिघडत नाही. मातीमोलाने असतील तर आपलाच वाटा दुसऱ्याच्या ताटात जातो. दुसरा, त्यांतून कंपनीच्या तिजोरीत रोख पैसा येणार की जुनेच कर्ज मिटणार, आणि आलेल्या पैशाचे ती काय करणार? आपल्याकडे बाजारात नोंदलेल्या कंपनीने प्रवर्तकांना किंवा निवडक मंडळींना वॉरंट दिले, तर सेबीच्या नियमांप्रमाणे पाव रक्कम आगाऊ भरावी लागते आणि हक्क अठरा महिन्यांच्या आत बजवावा लागतो. न बजावल्यास आगाऊ रक्कम बुडते. मिळालेले शेअरही ठरावीक काळ विकता येत नाहीत. या सगळ्याला भागधारकांच्या ठरावाची संमती लागते, आणि त्या ठरावाची नोटीस आपल्याकडेही येते.

बहुतेक घरांत ती न वाचताच रद्दीत जाते. पुढे कोण किती विकतो आहे याची चौकशी करीत बसण्यापेक्षा, ती नोटीस वाचायला दिलेली दहा मिनिटे जास्त मोलाची ठरतील.