आपल्या मातीतील शिळावर्तुळे

राजांची नावे लिहिली जाण्यापूर्वीच विदर्भातील माणसांनी आपल्या मृतांभोवती मोठमोठ्या दगडांची वर्तुळे रचली. ही शिळावर्तुळे म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील दफनस्थाने. आपल्या भंडारा जिल्ह्यात तिलोता खैरीला महापाषाणयुगीन अवशेष आहेत; नागपूरजवळ जुनापाणीला सुमारे ३०० वर्तुळे आहेत. त्यांपैकी तीन १९६२ मध्ये उत्खनित झाली. अशा वर्तुळांत लोखंडी हत्यारे व मृद्भांडी मिळतात. माहुरझरीला तर घोड्याचे तांब्याचे अलंकारही सापडले.

वस्तू कोठे व कशाशेजारी होती, यावरूनच अभ्यासक अर्थ लावतात. बांधासाठी दगड हलवला की तो पुरावा गेला. कॉलेजची पायरी चढणारा मी घरातला पहिलाच; माझ्या पूर्वजांची नावे कोणत्याही पोथीत नाहीत. म्हणून हे दगड मला पोथीइतकेच मोलाचे वाटतात. मित्रहो, ते अवश्य पाहा. पण जागचे हलवू देऊ नका.