श्वेतद्रव्य आणि स्किझोफ्रेनिया

मेंदूचा छेद घेतला की बाहेरच्या करड्या थराखाली पांढुरका भाग दिसतो. हे श्वेतद्रव्य. चेतापेशींचे लांब तंतू येथून जुडग्यांनी जातात आणि मेंदूचे दूरदूरचे भाग एकमेकांशी जोडतात. तंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते. त्यामुळेच हा भाग पांढरा दिसतो आणि संदेश वेगाने जातात.

‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये योजला. मराठीत त्याला छिन्नमनस्कता म्हणतात. एका देहात दोन व्यक्ती, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. विचार, भावना आणि वर्तन यांची सांगड सुटणे, हा आहे. मनोविकारांत मेंदूतील सांधणारे दुवे सुटत असावेत, असे कार्ल वेर्निके यांनी त्याआधीच सुचवले होते. मात्र जिवंत माणसात ते पडताळणार कसे?

मार्ग सापडला तो पाण्यातून. १९९४ मध्ये पीटर बासर, जेम्स मॅटिएलो आणि दनी ल बिहाँ यांनी एमआरआयवर आधारित ‘डिफ्यूजन टेन्सर’ पद्धत मांडली. तिला विसरण-चित्रण म्हणता येईल. मोकळ्या पाण्यातील रेणू सर्व दिशांना सारखेच भरकटतात. तंतूंच्या जुडग्यात मात्र त्यांना आडवे जाणे अवघड आणि लांबीच्या दिशेने सोपे असते. हा दिशाभेद ० ते १ या अंकांत मोजतात. रंगीत नकाशात डावी-उजवीकडे जाणारे तंतू लाल, पुढे-मागे जाणारे हिरवे आणि वर-खाली जाणारे निळे दाखवतात. लाल रंग पाहून नातेवाईक घाबरण्याचा संभव असतो, पण तो दिशेचा रंग आहे, आजाराचा नव्हे.

२०१८ मध्ये ‘एनिग्मा’ या आंतरराष्ट्रीय गटाने १,९६३ रुग्ण आणि २,३५९ निरोगी व्यक्तींच्या चित्रणांची तुलना प्रसिद्ध केली. तपासलेल्या २५ भागांपैकी २० भागांत रुग्णांचा दिशाभेद सरासरीने कमी आढळला. दोन्ही गोलार्ध सांधणारा कॉर्पस कॅलोसम हा जाड पट्टा त्यांत ठळक होता.

या घटीवरून मायलिन झिजले, असे लगेच म्हणता येत नाही. तंतू एकमेकांना छेदत असतील किंवा तपासणीत डोके हलले, तरी अंक घटतो. शिवाय रुग्णांचे आणि निरोगी व्यक्तींचे अंक एकमेकांत बरेच मिसळलेले असतात. म्हणून एखाद्याचे चित्रण पाहून त्याला हा आजार आहे की नाही, हे ठरवता येत नाही. दवाखान्यात एमआरआय सांगतात तो बहुधा गाठ किंवा अन्य विकार नाही ना, हे पाहण्यासाठी. स्किझोफ्रेनियाचे निदान आजही रुग्णाशी आणि घरच्यांशी सविस्तर बोलूनच होते.