बगू दे की त्येला

गळीत हंगाम सुरू झाला की बिद्रीच्या रस्त्याला झोप नसते. दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याकडे उसाने लादलेले, दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रंदिवस चालू. त्यांवर मोठ्याने लावलेली गाणी, मध्येच बैलगाड्यांची घुंगरं, ठरल्या वेळी कारखान्याचा भोंगा. माणूस याला दोन दिवसांत सरावतो. अडीच वर्षांच्या शिंगराला किती वेळ लागतो, ते मी एका हंगामात रोज सकाळी जाऊन पाहिलं.

शिंगरू एका धनगर कुटुंबाचं. पुढचे दोन दुधाचे दात पडून तिथे पक्के दात वर येत होते, म्हणजे वय बरोबर अडीचच्या आसपास. मेंढ्यांमागे बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्यांचा घोडा म्हणजे चालतं घर. भांडी, वाकळा, नुकती जन्मलेली कोकरं, कधी घरातलं लहान पोर, सगळं त्याच्या पाठीवर. असा घोडा भर रस्त्यात बुजला तर काय होईल, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पुणे-सातारा-सोलापूर भागातल्या भीमथडी घोड्याची आता देशपातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे. ती जात जगवली ती अशाच कळपांमागे चालणाऱ्या लोकांनी. या गोष्टीचं मोल आपण फार उशिरा केलं, असं मला वाटतं.

पहिल्या दिवशी त्या घरातल्या आबांनी शिंगराला रस्त्यापासून दीडशे पावलांवर, कापून मोकळ्या झालेल्या उसाच्या फडात उभं केलं. डोक्याला म्होरकी, हातात लांब दोर, तोही सैल. ट्रॅक्टर दिसताच शिंगराची मान ताठ झाली, कान टवकारले, नाकपुड्या फुलल्या आणि जोरात एक फुरफुर. मला वाटलं, आता आबा दोर आवळतील.

"कशाला वडायचं? बगू दे की त्येला," आबा म्हणाले.

ट्रॅक्टर गेला. थोड्या वेळाने शिंगराने मान खाली घातली, ओठ चाटले, काही नसताना तोंड हलवलं. त्याच क्षणी आबा वळले आणि त्याला घेऊन रस्त्यापासून लांब चालू लागले. बस्स, त्या दिवशीचा धडा एवढाच. मान खाली आली की लांब जायला मिळतं, हे शिंगराच्या ध्यानात राहिलं पाहिजे. उसळ्या मारत असताना मागे नेलं तर ते उसळ्या मारायलाच शिकतं. दुसऱ्या दिवशी एकशे तीस पावलं, तिसऱ्या दिवशी एकशे दहा, चौथ्या दिवशी वारा होता म्हणून पुन्हा दीडशे.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. जवळजवळ सगळीकडचं त्याला एकाच वेळी दिसतं; कपाळाच्या अगदी पुढ्यातलं आणि शेपटीमागचं मात्र दिसत नाही. म्हणून मागून येणारी वस्तू आधी कानाला कळते आणि मग एकदम डोळ्याच्या कोपऱ्यात उगवते. आबांनी उलटं केलं. रिकामी बैलगाडी पुढे निघाली आणि शिंगरू तिच्या मागे. लांब जाणाऱ्या वस्तूचं भय घोड्याला कमी वाटतं. चार दिवसांत ते गाडीच्या मागच्या फळीला नाक लावून चालू लागलं. सोबतीला कळपातली म्हातारी घोडी होती. ती स्पीकरच्या गाण्यातही डोळे मिटून उभी राहायची. तिच्याकडे बघून शिंगरू धीर धरायचं. मग एक दिवस आबांनी तिला घरीच ठेवलं, आणि शिंगरू पहिल्या दिवसासारखं थरथरलं. पुन्हा दीडशे पावलं. आबांच्या चेहऱ्यावर नाराजीची रेघही नव्हती.

ट्रॅक्टरपेक्षा त्याला जास्त भिववलं ते साड्यांनी. रानडुकरं येऊ नयेत म्हणून शेताला जुन्या साड्यांचं कुंपण असतं ना, तेच. वाऱ्यावर साडी फडफडली की शिंगरू आडवं पळायचं. जाताना डाव्या हाताला बघून ओळखीची झालेली साडी येताना उजव्या हाताला आली की त्याला नवीच. म्हणून प्रत्येक वस्तू दोन्ही बाजूंनी दाखवायची. आबांनी युरियाचं रिकामं पोतं घेतलं, आधी जमिनीवर ठेवलं, मग हातात धरलं, मग खांद्यापासून पाठीवर अलगद फिरवलं. आठ दिवस नुसतं पोतं.

एकदा आबांना गावात काम होतं. मी दोर हातात घेतला आणि घाई केली, थेट रस्त्याकडेला नेलं. दोर मुठीभोवती गुंडाळू नये, हे मला सांगितलेलं होतं, तरी गुंडाळला. मागून हॉर्न वाजला, शिंगरू उसळलं आणि माझ्या तळव्याची कातडी सोलून निघाली. शिंगरू फडात जाऊन थांबलं. मी रागाने दोर ओढणार, तेवढ्यात आबा आले. त्यांनी मला काहीच म्हटलं नाही. शिंगराजवळ गेले, जबड्याच्या हाडाखालच्या धमनीवर दोन बोटं ठेवली आणि ठोके शांत होईतो तसेच उभे राहिले. स्वस्थ घोड्याचे ठोके मिनिटाला तीस-चाळीस असतात, त्या दिवशी बराच वेळ ते तिथवर उतरेनात. "भ्यालं म्हंजे चुकलं न्हवं ते," एवढंच म्हणाले. त्या एका हॉर्नमुळे आम्ही आठ दिवस मागे गेलो.

हंगाम संपत आला तेव्हा आबांनी त्याला मुदाळ तिट्ट्यावरून आदमापूरला नेलं. तिथे 1966 साली देह ठेवलेल्या बाळूमामांचं समाधिमंदिर आहे, अमावास्येला रस्ते माणसांनी भरून जातात. आबांनी मुद्दाम साधा वार निवडला. तरी ढोल होता, भंडारा उधळला जात होता. घोड्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, पिवळा मात्र ठळक दिसतो. भंडाऱ्याचा लोट उठला तसे शिंगराचे कान पुढे आले. ते थांबलं. दोर सैलच होता. मग मान खाली घालून त्याने जमिनीवरच्या पिवळ्या धुळीचा वास घेतला आणि आबांच्या मागे चालू लागलं. लगेच आबांनी त्याला परत फिरवलं. अमावास्येची गर्दी पुढच्या वर्षी.

पालखी सोहळ्यात लाखो वारकऱ्यांमध्ये माउलींचा अश्व रिंगणात धावतो तेव्हा आपण हात जोडतो. अंकलीहून चालत येणाऱ्या त्या घोड्यांमागेही कोणाची तरी अशीच धीराची कैक वर्षं असतात. आणि वरातीत डीजेच्या भिंतीपुढे, डोळ्यांत लाइट मारून, लगाम खेचून नाचवला जाणारा घोडा मला आता बघवत नाही. तो शांत नसतो, त्याला पळायला जागा नसते.

रस्त्यात मेंढ्यांचा कळप आणि त्यामागे घोडा दिसला, तर ट्रॅक्टरवाल्या भावांनो, गाडीवाल्यांनो, गाडी हळू करा, गाणं बारीक करा आणि हॉर्नला हात लावू नका. त्याच्या पाठीवर कोकरू असेल, नाहीतर एखादं पोर.