बाखच्या संगीताची लोकप्रिय रूपांतरे

योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) हे जर्मनीतील बरोक काळातील संगीतरचनाकार होते. त्यांच्या रचनांवर आधारित जाझ, रॉक, पॉप, इलेक्ट्रॉनिक आणि चित्रपटसंगीतातील कलाकृतींना बाखच्या संगीताची लोकप्रिय रूपांतरे म्हटले जाते. यांत मूळ स्वरलेखन जवळजवळ तसेच ठेवून केवळ वाद्ये बदलणाऱ्या ध्वनिमुद्रिका आहेत, तशीच एखाद्या स्वरवाक्यावरून वा खर्जातील स्वरक्रमावरून सुचलेली स्वतंत्र गीतेही आहेत. या रूपांतरांमुळे चर्च आणि संगीतसभागृह यांच्याबाहेरील मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत बाख पोहोचले. त्याचबरोबर मूळ रचना कोणाची आणि तिचे श्रेय कोणाला, हा प्रश्नही पुढे आला.

पार्श्वभूमी

बरोक काळात दुसऱ्याची रचना घेऊन ती नव्या वाद्यासाठी वा नव्या प्रसंगासाठी बांधणे ही रूढ पद्धत होती. वायमार येथे असताना बाख यांनी आंतोनियो विवाल्दी यांच्या कॉन्चेर्टोंची ऑर्गन व हार्प्सिकॉर्डसाठी रूपांतरे केली. विवाल्दी यांच्या चार व्हायोलिनांच्या कॉन्चेर्टोवरून त्यांनी पुढे चार हार्प्सिकॉर्डांचा कॉन्चेर्टो तयार केला. स्वतःच्या रचनांनाही ते हाच न्याय लावत. १७३४ मधील ‘ख्रिसमस ऑरेटोरिओ’ या धार्मिक कृतीचा बराचसा भाग त्यांनी राजघराण्यातील समारंभांसाठी आधी लिहिलेल्या लौकिक कॅन्टाटांमधून घेतला आहे.

बाख यांच्या मृत्यूनंतर त्यांचे संगीत प्रामुख्याने जाणकारांपुरते उरले. फेलिक्स मेंडेल्सझोन यांनी १८२९ मध्ये बर्लिन येथे ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ सादर केल्यावर त्याकडे लोकांचे पुन्हा लक्ष गेले. फ्रेंच रचनाकार शार्ल गूनो यांनी ‘वेल-टेम्पर्ड क्लाविअर’मधील पहिल्या प्रिल्यूडवर स्वतःची एक सुरावट बसवली, १८५९ मध्ये ती ‘आव्हे मारिया’ या प्रार्थनेच्या शब्दांसह प्रसिद्ध झाली. १८७१ मध्ये ऑगुस्ट विल्हेल्मी यांनी तिसऱ्या ऑर्केस्ट्रल स्वीटमधील ‘एअर’ हा भाग व्हायोलिनच्या एकाच, सर्वांत खालच्या तारेवर वाजवता येईल असा बांधला. तेव्हापासून तो ‘एअर ऑन द जी स्ट्रिंग’ या नावाने ओळखला जातो. हे नाव बाख यांनी दिलेले नाही.

रूपांतरास अनुकूल वैशिष्ट्ये

बाख यांच्या स्वरलेखनात वादनाची गती आणि आवाजाचा चढउतार यांविषयीच्या सूचना अत्यल्प असतात. ‘द आर्ट ऑफ फ्यूग’ या अखेरच्या काळातील कृतीत तर कोणते वाद्य वापरावे याचाही निर्देश नाही. संगीताचा आशय वाद्याच्या नादगुणापेक्षा स्वररेषांच्या परस्परसंबंधांवर अधिक अवलंबून असल्यामुळे वाद्य बदलले तरी रचना ओळखू येते.

दुसरे कारण लयीचे आहे. त्यांच्या जलद रचनांत एकसारखी, अखंड लय चालते. तिच्याखाली ड्रम आणि बास यांचा ठेका सहज बसतो. तिसरे कारण साथसंगतीच्या पद्धतीत सापडते. बरोक संगीतात खर्जाची ओळ लिहून तिच्यावर स्वरमेळांचे अंक दिले जात आणि वादक त्यावरून साथ आयत्या वेळी रचत असे. जाझ वादकही सुरावट व स्वरमेळांची चिन्हे एवढ्याच आधारावर वादन उभे करतो.

जाझ

फ्रेंच पियानोवादक जाक लूसिए यांनी १९५९ मध्ये पिएर मिशलो (बास) आणि क्रिस्तियां गारो (ड्रम) यांच्यासह ‘प्ले बाख’ या ध्वनिमुद्रिकांच्या मालिकेस आरंभ केला. मूळ सुरावट आधी वाजवायची आणि नंतर तिच्या स्वरमेळांवर उपज करायची, अशी त्यांची पद्धत होती. त्यांनी वाजवलेली ‘एअर’ ब्रिटनमध्ये एका सिगारच्या जाहिरातीतून घरोघरी पोहोचली.

वॉर्ड स्विंगल यांनी पॅरिसमध्ये स्थापन केलेल्या ‘स्विंगल सिंगर्स’ या गायकवृंदाने १९६३ मध्ये वेगळा मार्ग स्वीकारला. मूळ स्वर फारसे न बदलता ते निरर्थक अक्षरांवर गायिले गेले आणि साथीला केवळ बास व ड्रम ठेवले गेले. या ध्वनिमुद्रिकेत उपज जवळजवळ नाही. जाझचा भास लयीच्या झोकामुळे होतो.

इलेक्ट्रॉनिक संगीत

वेंडी कार्लोस यांची ‘स्विच्ड-ऑन बाख’ ही ध्वनिमुद्रिका १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली. ती मूग सिंथेसायझरवर वाजवलेली आहे. त्या काळच्या मूगवर एका वेळी एकच स्वर वाजत असे आणि त्याचे स्वर वरचेवर ढळत. त्यामुळे प्रत्येक स्वररेषा स्वतंत्रपणे मुद्रित करून फितीवर एकीवर एक चढवावी लागली. ही मर्यादा बाख यांच्या बहुरेषीय रचनेला मात्र पोषक ठरली, कारण प्रत्येक रेषेला निराळा नाद देऊन ती स्पष्ट ऐकवणे शक्य झाले. तिसऱ्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टोच्या मधल्या भागात बाख यांनी केवळ दोन स्वरमेळ लिहिले आहेत. त्या जागी कार्लोस यांनी स्वतःची रचना योजली. या ध्वनिमुद्रिकेस तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले, तसेच सिंथेसायझर हे गंभीर संगीताचे वाद्य होऊ शकते, हे मान्य होण्यास तिची मोठी मदत झाली.

रॉक आणि पॉप

अमेरिकेतील ‘द टॉइज’ या गायिकावृंदाचे ‘अ लव्हर्स कॉन्चेर्टो’ (१९६५) हे गीत जी मेजरमधील प्रसिद्ध मिन्युएटवर आधारलेले आहे. मूळ तीन मात्रांची चाल त्यात चार मात्रांच्या ठेक्यात बसवली आहे. ‘जेथ्रो टल’ या ब्रिटिश वृंदाने १९६९ मध्ये ल्यूटसाठीच्या ई मायनर स्वीटमधील ‘बूरे’ हा नृत्यभाग बासरीवर सादर केला. ‘बीटल्स’च्या ‘ब्लॅकबर्ड’ (१९६८) या गीतातील गिटारवादनाची प्रेरणाही त्याच भागातून आलेली आहे. ‘अपोलो १००’ या वृंदाचे ‘जॉय’ (१९७२) हे १४७ व्या कॅन्टाटातील प्रसिद्ध कोरालचे द्रुत रूप होय.

‘प्रोकोल हॅरम’च्या ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’ (१९६७) मध्ये बाख यांच्या कोणत्याही रचनेची नक्कल नाही. तरीही पायरीपायरीने उतरणारा खर्ज आणि त्यावर तरंगणारी ऑर्गनची सुरावट यांमुळे ‘एअर’ची आठवण होते.

भारत

तमिळ चित्रपटसृष्टीतील संगीतकार इळैयराजा यांनी १९८६ मध्ये ‘हाऊ टू नेम इट?’ ही वाद्यसंगीताची ध्वनिमुद्रिका काढली आणि ती त्यागराज व बाख यांना अर्पण केली. तीमधील ‘आय मेट बाख इन माय हाऊस’ या रचनेत व्हायोलिनसाठीच्या तिसऱ्या पार्टिटाचा आधार आहे, व्हायोलिनवादन व्ही. एस. नरसिंहन यांचे आहे. कर्नाटक संगीतातील रागविस्तार एकाच स्वररेषेवर चालतो, तर बाख यांच्या संगीतात अनेक रेषा एकाच वेळी चालतात. या दोन पद्धती शेजारी ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

मूळ रचनेचा आणि श्रेयाचा प्रश्न

ज्या रचनांमुळे बाख यांचे नाव सर्वतोमुखी झाले, त्यांपैकी काहींच्या सुरावटी त्यांच्या नाहीत. ‘अ लव्हर्स कॉन्चेर्टो’चा आधार असलेला मिन्युएट बाख यांच्या पत्नी आना माग्डालेना यांच्या वहीत उतरवलेला आहे. तो क्रिस्तियान पेट्झोल्ड यांचा असल्याचे १९७० च्या दशकात स्पष्ट झाले. १४७ व्या कॅन्टाटातील कोरालची चाल योहान शोप यांची आहे; तिच्याभोवती वाहणारी तिहेरी स्वरांची लड तेवढी बाख यांची. डी मायनरमधील टोकाटा व फ्यूग ही रचना भयपटांतून आणि डिस्नेच्या ‘फँटेशिया’मधून (१९४०) सर्वपरिचित झाली, परंतु तिच्या कर्तृत्वाविषयीही काही अभ्यासकांनी शंका घेतली आहे.

पॉल सायमन यांच्या ‘अमेरिकन ट्यून’चा (१९७३) प्रवास अधिक लांबचा आहे. ही चाल हान्स लिओ हास्लर यांच्या १६०१ मधील एका प्रेमगीताची होय. पुढे ती चर्चमधील स्तोत्रासाठी वापरली गेली, बाख यांनी ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मध्ये तिला वारंवार नवे स्वरमेळ दिले आणि अखेरीस ती पुन्हा लौकिक गीतात आली.

बाख यांच्या रचनांवर आज स्वामित्वहक्क नाही, रूपांतरात नव्याने घातलेल्या भागावर मात्र तो असू शकतो. ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’चे ऑर्गनवादक मॅथ्यू फिशर यांनी गीतप्रसिद्धीनंतर सुमारे चार दशकांनी सहरचनाकार म्हणून दावा केला. बाख यांच्या शैलीतील ती ऑर्गनची सुरावट हा गीताचा स्वतंत्र व महत्त्वाचा भाग आहे, हे न्यायालयांनी मान्य केले. २००९ मध्ये ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने त्यांचा मानधनातील हिस्साही कायम ठेवला.

मूल्यमापन

या रूपांतरांवरील मुख्य आक्षेप संदर्भलोपाचा आहे. कॅन्टाटा आणि पॅशन या उपासनेसाठी लिहिलेल्या कृती होत. ‘जॉय’सारख्या रूपांतरात शब्द गळतात आणि त्यांच्याबरोबर धार्मिक आशयही गळतो. जुन्या वाद्यांवर, तत्कालीन पद्धतीने वादन करण्याचा आग्रह विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढला, तेव्हा हा आक्षेप अधिक ठळक झाला. उलटपक्षी, पियानोवादक ग्लेन गूल्ड यांच्यासारख्या बाखतज्ज्ञाने ‘स्विच्ड-ऑन बाख’ची प्रशंसा केली. लौकिक रचना धार्मिक करणे आणि एका वाद्याची दुसऱ्यास देणे हे बाख स्वतः करीत असल्यामुळे केवळ बदल केला म्हणून रूपांतर गौण ठरत नाही. बाख यांच्या काळातील पद्धतीपेक्षा आधुनिक रूपांतरांचे वेगळेपण आहे ते ध्वनिमुद्रण, बाजारपेठ आणि श्रेयाचा कायदा यांमुळे.