‘क्लाउड’मधले दप्तर आणि टेबलावरची खिडकी



उसाची नोंद, वजन, बिले अशी माहिती आता बऱ्याच ठिकाणी ‘क्लाउड’वर ठेवतात. क्लाउड म्हणजे ढग. पण हे दप्तर काही आभाळात नसते. मोठ्या कंपन्या इमारती बांधून त्यांत हजारो संगणक बसवितात आणि त्यांतील जागा भाड्याने देतात. गोदामात पोती ठेवावीत, तसाच हा प्रकार. अ‍ॅमेझॉनने २००६ साली ‘एस-थ्री’ या नावाने अशी जागा द्यायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टच्या ‘अ‍ॅझ्युअर’ची अशी केंद्रे २०१५ पासून पुणे, मुंबई व चेन्नई येथे आहेत.

आता गोदाम पुण्याला आणि कारकून गावात, मग माल बघायचा कसा? लेखी आज्ञा टाइप करून हे काम होते, पण एक अक्षर चुकले की अडते. म्हणून टेबलावरच्या संगणकात बसवायची साधने निघाली. मायक्रोसॉफ्टचे ‘स्टोरेज एक्सप्लोरर’ हे त्यांतले एक. ते फुकट मिळते. पडद्यावर डावीकडे खाती व त्यांतले कप्पे दिसतात, उजवीकडे कप्प्यातल्या फायली. फाइल माउसने ओढून आत सोडली की ती गोदामात पोचली.

इतके सोपे असले तरी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) ही नुसती खिडकी आहे. येथे फाइल पुसली तर ती खऱ्या गोदामातूनच जाते. ‘सॉफ्ट डिलीट’ची सोय चालू असेल तर ठरविलेल्या मुदतीत, म्हणजे १ ते ३६५ दिवसांत, ती परत आणता येते. त्यामुळे ही सोय चालू आहे ना, हे आधी पाहावे.

२) किल्ली जपावी. प्रत्येक खात्याला दोन किल्ल्या असतात आणि कोणतीही एक सारे खाते उघडते. एक बदलताना दुसरीवर काम चालावे, म्हणून दोन. कारकून बदलला की किल्लीही बदलावी. हिशेब तपासनिसाला एकच कप्पा दाखवायचा असेल, तर किल्ली न देता ‘शेअर्ड अ‍ॅक्सेस सिग्नेचर’ काढून द्यावी. ही आपल्या तोडणीच्या चिठ्ठीसारखी: कोणता कप्पा, नुसते वाचायचे की बदलायचेही, आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे सारे तीत ठरलेले. मुदत संपली की चिठ्ठी बाद.

३) साधन फुकट, जागा नव्हे. जितका माल, जितके दिवस, तितके भाडे. ठरावीक मर्यादेपुढे माहिती बाहेर उतरवून घेण्याचाही आकार पडतो. विसरून पडलेल्या फायलींचे मीटर चालूच राहते.

हा विषय शेतकी खात्याचा नव्हे, असे कोणी म्हणेल. पण बारा-चौदा महिने राबून पिकविलेल्या उसाचा हिशेब शेवटी त्या नोंदीवरच होतो. आपली दूध संस्था, पाणीपुरवठा संस्था असे दप्तर ठेवत असेल, तर सभेत दोन प्रश्न जरूर विचारावेत: किल्ली कोणाकडे आहे, आणि पुसलेले परत येते का?

— ऊस विकास अधिकारी