समुद्रसापाचा दंश : दुखत नाही म्हणून दुर्लक्ष नको

काही वर्षांपूर्वी एक खलाशी सकाळी माझ्या दवाखान्यात आला. जाळ्यातले मासे काढताना बोटाला काहीतरी लागले होते. टाचणी टोचल्यासारखे दोन ठिपके; ना सूज, ना वेदना. "डॉक्टरांनू, काटोच लागलो आसतलो," म्हणत तो घरी निघाला. मी त्याला बसवून ठेवले. दोन तासांत मान आखडली, मांड्या दुखू लागल्या, जबडा उघडेना. तो समुद्रसापाचा दंश होता.

आपल्या कोकण किनाऱ्यावर चोचीसारख्या तोंडाचा समुद्रसाप बराच आढळतो. शास्त्रीय नाव हायड्रोफिस शिस्टोसस. उथळ, गढूळ पाण्यात, खाडीच्या मुखाशी तो शिंगाळ्यासारखे मासे खाऊन राहतो. वल्ह्यासारखी चपटी शेपटी ही त्याची खूण. त्याला कल्ले नसतात. श्वासासाठी पाण्यावर यावेच लागते. मादी पाण्यातच जिवंत पिल्ले देते. हा साप आपणहून माणसाच्या वाटेला जात नाही. पण माशांबरोबर तोही जाळ्यात येतो आणि मासे निवडताना हात त्याच्यावर पडतो.

प्रत्येक दंशात विष उतरतेच असे नाही. उतरले तर मात्र ते स्नायू मोडते. मोडलेल्या स्नायूंतील द्रव्य मूत्रपिंडात साचते, लघवी काळसर तांबडी होते. रक्तातील पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकते. श्वासाचे स्नायू दुबळे झाले तर रोगी गुदमरतो.

वाचकहो, एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावरची आहे. समुद्रसापावर तिचा भरवसा धरता येत नाही. त्याच्यावरची लस ऑस्ट्रेलियात तयार होते. ती येथे सहज मिळत नाही. म्हणून सलाईन, कृत्रिम श्वासोच्छ्वास आणि गरज पडल्यास डायलिसिस हाच आपला आधार. त्याने रोगी वाचतो, पण वेळेत पोहोचला तर.

तेव्हा दंश झाल्यास होडी किनाऱ्याला वळवा. हात फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा. जखम कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. मंत्र-मुळीत वेळ घालवू नका. काही दुखत नसले तरी एक दिवस रुग्णालयात देखरेखीखाली राहा आणि लघवीच्या रंगावर लक्ष ठेवा.

माझा खलाशी जिल्हा रुग्णालयातून बरा होऊन परतला. आता तो आकड्याने चाळवल्याशिवाय जाळ्यात हात घालत नाही.