कुडा लेणी, लिनोचा ठसा आणि व्हीआर : आपले लेणे आपण कसे उभे करायचे?

यंदाच्या वर्षावासात नागावच्या विहारात आम्ही काही तरुणांनी कुडा लेण्यांचे एक छोटे व्हीआर दालन तयार केले. ते पहिल्यांदा दाखवले वस्तीतल्या एका आजींना. डोळ्यांवर उसना आणलेला हेडसेट आणि समोर लिनोच्या काळ्या रेघांतून उभे राहिलेले चैत्यगृह. आजींनी मान फिरवून सगळे पाहिले, हात जोडले आणि म्हणाल्या, "चांगलं आहे रे, पण बसायचं कुठं?"

आम्ही हसलो, आणि मग गप्प झालो. कुड्याच्या डोंगरातल्या बहुतेक खोल्यांत दगडात कोरलेला ओटा आहे. भिक्खू तिथे बसत, झोपत, ध्यान करत. आम्ही खांब केले, स्तूप केला, हत्तीसुद्धा केला, ओटा विसरलो. त्यात भर म्हणजे पाहणाऱ्याला आपोआप पुढे सरकवणारी गाडीसारखी चाल ठेवली होती. जत्रेतला पाळणा झाला होता तो. ध्यानाची जागा नव्हती.

हे काम कसे करतात आणि आपल्या तरुणांनी ते का शिकावे, हे इथे सांगायचे आहे. आजकाल लेण्यांचे ड्रोन व्हिडिओ आणि थ्रीडी सफरी भरपूर दिसतात. बहुतेकांत लेणे म्हणजे पावसाळी सहलीची जागा असते. कोणी कोरवून घेतले, कोण राहिले, भिंतीवर काय लिहिले आहे, याचा पत्ता नसतो. उद्या शाळेतली मुले लेणी प्रत्यक्ष पाहण्याआधी हेडसेटमध्ये पाहतील. तेव्हा त्यांना कोणते लेणे दिसेल, हा आपला प्रश्न आहे.

छापकाम आपल्याला परके नाही. तारीख नोंदलेले जगातले सर्वांत जुने छापील पुस्तक बौद्ध आहे : इ.स. ८६८ चे वज्रच्छेदिका सूत्र, लाकडी ठशांवरून छापलेले, चीनमधल्या दुनहुआंगच्या लेण्यांत सापडलेले. आपल्याकडचे धम्मलिपीतले शिलालेख जगापुढे आले तेही ठशांमुळे. ओला कागद शिलालेखावर ब्रशने ठोकून बसवायचा, वरून शाईची गादी फिरवायची. खोल अक्षरे पांढरी राहतात आणि बाकी काळे होते. भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या शिलालेखांचे पुस्तक १८८१ साली काढले, त्यात कुडाही आहे. (असे ठसे पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय कोणीही घेऊ नयेत. दगडाला हातही लावू नये.) आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीबाहेरच्या स्टॉलवरून घेतलेले बुद्ध-बाबासाहेबांचे छापील चित्र ज्या भिंतीवर नाही, असे घर आपल्यात शोधावे लागेल. नागपूरच्या सवी सावरकरांनी बडोद्याला छापचित्रकला शिकून एचिंगमध्ये गळ्यात मडके अडकवलेला अस्पृश्य माणूस कोरला. जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने खाल्लेली ती रेघ पाहिली की छापचित्राला शोभेची कला म्हणवत नाही.

हाताने काढलेल्या प्रतीचे मोल अजिंठ्याच्या इतिहासात दिसते. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून जवळजवळ वीस वर्षे अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा प्रती केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि त्यांतल्या बऱ्याच १८८५ च्या आगीत गेल्या. मूळ चित्रांवर वार्निश आणि लाखेचे थर चढले, ते पुढे पिवळे पडले, ते दुखणे वेगळेच. कॅनव्हास जळाले. पण ज्या हातांनी ती रेघ गिरवली, त्या हातांत ती राहिली. १९०९ नंतर लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत प्रती करायला आलेल्यांत तरुण नंदलाल बोस होते. त्यांनी पुढे लिनोकट केले, आणि त्यांच्याच देखरेखीखाली भारतीय संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत सजली. त्या प्रतीत बुद्धांच्या जीवनातला प्रसंगही आहे. डेहराडूनच्या सर्व्हे ऑफ इंडियाने ती प्रत शिलामुद्रणाच्या तंत्राने छापली. अजिंठ्याची रेघ बाबासाहेबांच्या संविधानापर्यंत अशी येऊन पोहोचली.

आता व्हीआरकडे वळू. लेण्याचा लेझर स्कॅन किंवा शेकडो फोटो जोडून केलेले थ्रीडी रूप हा एक मार्ग आहे. २०१२ मध्ये हाँगकाँगला साराह केंडरडाइन आणि जेफ्री शॉ यांनी दुनहुआंगचे २२० क्रमांकाचे लेणे असेच गोल पडद्यावर उभे केले. मूळ चित्रांना माणसांच्या श्वासाचा दमटपणा लागू नये, हा त्यातला फायदा. नोंद म्हणून हे काम हवेच. पण कॅमेरा सगळेच सारख्या डोळ्याने पाहतो. शेवाळ, तडा, बुद्धांचा चेहरा, सगळे एकाच किमतीचे. चित्र काढणाऱ्याला मात्र निवडावे लागते. कुड्याच्या सहाव्या लेण्यासमोर दोन तास पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा कळले की छिन्नीचे घाव कुठे तिरपे आहेत आणि कारागीर कुठे थकला असावा. ही सजगता दालनात उतरवायची असेल तर रेघच न्यावी लागते.

छापचित्र व्हीआरला सोयीचे पडते, कारण ते आधीच थरांचे असते. बहुरंगी छापात प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा कोरतात. आम्ही रंगांऐवजी अंतरांचे ठसे केले : पहिल्यावर व्हरांड्याचे खांब, दुसऱ्यावर आतली भिंत, तिसऱ्यावर स्तूप. तिन्ही पातळ कागदावर वेगवेगळे छापून ६०० डीपीआयला स्कॅन केले आणि कागदाचा पांढरा भाग पारदर्शक केला. मग ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही तीन चित्रे दोन, चार आणि सात मीटरवर उभी केली. मागचे चित्र त्या प्रमाणात मोठे करावे लागते, नाहीतर स्तूप खेळण्याएवढा दिसतो. छापातला काळा-पांढरा फरक उंचसखलपणा म्हणून वापरता येतो, त्यामुळे लिनोवरच्या चाकूच्या खुणा भिंतीवर छिन्नीच्या घावांसारख्या उठतात. शेवटी ए-फ्रेम वापरून ते ब्राउझरमध्ये ठेवले. पुठ्ठ्याच्या चष्म्यात साधा मोबाइल घातला तरी चालते. हेडसेट असेल तर ओपन ब्रशमध्ये हवेतच चित्र काढता येते. पण आमचे मत विचाराल तर आधी कागद आणि लिनो.

एक फजिती सांगायलाच हवी. छाप उलटा येतो, हे पुस्तकात वाचून आम्हाला पाठ होते. तरी शिलालेखातला 'देयधम्म' हा शब्द आम्ही लिनोवर सरळ कोरला आणि तो कागदावर आरशातल्यासारखा उमटला. संगणकात एका क्लिकने चित्र उलटवता आले असते, पण मग त्याच ठशावरचा हत्तीही डाव्याचा उजवीकडे गेला असता. ठसा नव्याने कोरला.

त्या शब्दासाठी एवढा खटाटोप का? कुडा इथे २६ लेणी आहेत, रायगडच्या तळा तालुक्यात, खाडीकडे तोंड करून. नागावहून चौल, रेवदंडा, रोहा असे जावे लागते. आमच्या शेजारचे चौल म्हणजे जुने चेमुल बंदर. तिथल्या दात्याचे नाव कान्हेरीच्या शिलालेखात आहे. कुड्याला दान देणाऱ्यांत माळी शिवपिरित आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी महिक आहे, वैद्य सोमदेव आहे, पदुमनिका नावाची भिक्खुनी आहे. राजाने बांधले आणि प्रजेने पाहिले, असा हा इतिहास नाही. फुले विकणाऱ्याने पैसे दिले आणि खोली कोरली गेली. आमच्या दालनात भिंतीकडे थोडा वेळ शांत पाहत राहिले की हे शब्द धम्मलिपीत हळूहळू उजळतात. मान भराभर फिरवली तर उजळत नाहीत.

ध्यानाचे व्हीआर ही नवी गोष्ट नाही. कॅनडाच्या चित्रकार चार डेव्हिस यांनी १९९५ मध्ये 'ऑस्मोस' केले. छातीवर पट्टा बांधायचा. श्वास घेतला की आपण वर जातो, सोडला की खाली येतो. हातात बटण नाही. आनापानसती करणाऱ्याला ही कल्पना लगेच कळेल. तरी आम्ही आमच्या दालनाला विपश्यना म्हणत नाही, आणि कोणी तसे विकत असेल तर सावध राहा. आनापानसतीला डोळे मिटून बसलेला माणूस पुरतो, हेडसेट लागत नाही. हे दालन म्हणजे लक्ष कसे थांबते याचा एक छोटा सराव आहे आणि लेण्याची ओळख आहे, इतकेच.

करणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. पाहणाऱ्याला कधीही आपोआप सरकवू नका. डोळ्यांना चाल दिसते, शरीराला जाणवत नाही, आणि मळमळ सुरू होते. आमच्या पहिल्या दालनात दोघांना घरी पोहोचवावे लागले. चित्र सेकंदाला ७२ वेळा तरी बदलले पाहिजे, म्हणून फाइल हलकी ठेवा. पाहणारा बसलेलाच असू द्या, दहा मिनिटांवर नको. मूळ ठसे आणि स्कॅन किमान तीन ठिकाणी ठेवा, त्यांतले एक गावाबाहेर. लंडनच्या दोन आगी आठवा.

दुसऱ्या वेळी आम्ही ओटा केला. विहारातली प्लॅस्टिकची खुर्ची मोजली आणि दालनातला ओटा बरोबर तेवढ्याच उंचीवर ठेवला. आजी खुर्चीवर बसल्या, हाताने बाजूला चाचपले, आणि मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मोबाइलची बॅटरी संपली तेव्हा म्हणाल्या, "आता खरं लेणं कधी दाखवता?"

पाऊस थांबला की कुड्याला जायचे ठरले आहे. पदुमनिकेचा लेख अजून कोरायचा आहे. या वेळी उलटा.